घोरणे ही गाढ झोपेची खूण नव्हे : स्लीप ॲप्नियाचे निदान आणि उपचार

घरातील एखादी व्यक्ती मोठ्याने घोरत असेल, तर तिला ढाराढूर झोप लागली आहे, असा समज आपल्याकडे सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात अनेकदा परिस्थिती याच्या नेमकी उलट असते. घोरण्याचा आवाज मध्येच थांबून काही सेकंद शांतता पसरत असेल आणि त्यानंतर ती व्यक्ती दचकून, धाप लागल्यासारखा श्वास घेत असेल, तर ते स्लीप ॲप्निया अर्थात झोपेतील श्वासरोधाचे लक्षण असू शकते. ॲप्निया या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच ‘श्वास नसणे’ असा आहे.

ज्येष्ठ संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले. त्या वेळी त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी मृत्यूच्या कारणांमध्ये या विकाराचा उल्लेख केला आणि त्याचे नाव देशभरातील वृत्तपत्रांत झळकले. मात्र या व्याधीची तपासणी कोठे व कशी होते आणि तिच्यावर कोणते उपचार उपलब्ध आहेत, याविषयी सर्वसामान्यांना आजही पुरेशी माहिती नाही.

या आजाराचे एक वैशिष्ट्य असे की, तो ज्याला होतो त्याला तो दिसत नाही. श्वास थांबतो तेव्हा रुग्ण झोपेत असतो आणि सकाळी त्याला त्यातील काहीच आठवत नाही. त्यामुळे निदानाची सुरुवात बहुधा घरातील दुसऱ्या व्यक्तीच्या साक्षीने होते. उपचारांचे यश मात्र सर्वस्वी रुग्णाच्या हाती असते.

नेमके काय घडते?

झोप लागल्यावर शरीरातील स्नायू सैल पडतात. घशातील स्नायू, मऊ टाळू आणि जीभ यांनाही हे लागू होते. ज्यांचा श्वसनमार्ग मुळात अरुंद असतो, त्यांच्या बाबतीत जीभ मागे सरकून व टाळू खाली येऊन हवेची वाट आणखी चिंचोळी होते. त्या चिंचोळ्या वाटेतून हवा जाताना भोवतालचा मऊ भाग थरथरतो आणि घोरण्याचा आवाज येतो. वाट पूर्णपणे बंद झाली की आवाज थांबतो. छाती आणि पोट श्वास घेण्याची धडपड करीतच असतात, परंतु हवा आत जात नाही.

रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घटू लागले की मेंदू सावध होतो आणि काही क्षणांपुरती झोप मोडतो. स्नायू पुन्हा ताठ होतात, वाट मोकळी होते, रुग्ण जोराने श्वास घेतो आणि लगेच झोपी जातो. काही मिनिटांत हेच चक्र पुन्हा सुरू होते. तीव्र विकार असलेल्या व्यक्तीमध्ये एका रात्रीत असे शेकडो वेळा घडू शकते. प्रत्येक वेळी रक्तदाब उसळतो आणि हृदयावर ताण येतो. आठ तास अंथरुणात काढूनही सकाळी अंग जड वाटते, ते यामुळेच.

श्वसनमार्ग अडल्याने होणाऱ्या या प्रकाराला अवरोधी स्लीप ॲप्निया म्हणतात. बहुसंख्य रुग्णांमध्ये हाच प्रकार आढळतो. दुसऱ्या प्रकारात मार्ग मोकळा असतो, परंतु श्वास घेण्याचा आदेशच मेंदूकडून येत नाही. हृदयाची कार्यक्षमता घटलेल्या, पक्षाघात होऊन गेलेल्या किंवा अफूजन्य वेदनाशामके घेणाऱ्या काही रुग्णांत हा प्रकार दिसतो. दोन्हींचे उपचार भिन्न असल्याने केवळ घोरण्यावरून स्वतःच निष्कर्ष काढणे योग्य नव्हे.

भारतातील व्याप्ती

मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वर्षे वयोगटातील शहरी पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यानुसार १९.५ टक्के पुरुषांमध्ये झोपेतील श्वसनाची अनियमितता आढळली, तर ७.५ टक्के पुरुषांमध्ये तिच्या जोडीला दिवसा येणारी अतिरिक्त झोपही होती.

नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील, म्हणजेच एम्समधील, संशोधकांनी देशात झालेल्या अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण २०२३ मध्ये प्रसिद्ध केले. भारतातील सुमारे ११ टक्के प्रौढांना अवरोधी स्लीप ॲप्निया असावा, असा अंदाज त्यात मांडण्यात आला आहे. पुरुषांमध्ये हे प्रमाण सुमारे १३ टक्के, तर स्त्रियांमध्ये सुमारे ५ टक्के आहे. लोकसंख्येच्या हिशेबाने ही संख्या सुमारे १० कोटी ४० लाख होते.

लठ्ठपणा हे या विकाराचे प्रमुख कारण असले तरी एकमेव कारण नाही. लहान किंवा मागे सरकलेली हनुवटी, जाड मान, वाढलेले टॉन्सिल, नाकातील अडथळा, वाढते वय आणि आनुवंशिकता यांचाही त्यात वाटा असतो. त्यामुळे सडपातळ व्यक्तीला हा आजार होत नाही, असे मानून चालणार नाही.

लक्षणे कोणी ओळखावीत?

रात्रीची लक्षणे घरच्यांना दिसतात. मोठ्याने घोरणे, मध्येच श्वास थांबणे, गुदमरल्यासारखे दचकून उठणे, सारखी कूस बदलणे, लघवीसाठी वारंवार उठावे लागणे ही त्यांपैकी प्रमुख होत. दिवसाची लक्षणे रुग्णाला स्वतःला जाणवतात. सकाळी डोके दुखणे, तोंडाला कोरड पडणे, दिवसभर पेंग येणे, विसरभोळेपणा, चिडचिड आणि कामात लक्ष न लागणे यांचा त्यात समावेश होतो. तीन-चार औषधे घेऊनही रक्तदाब आटोक्यात येत नसेल, तर त्यामागेही हा विकार असू शकतो.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे असते. झोप न लागणे, सततचा थकवा, सकाळची डोकेदुखी आणि उदासी अशा तक्रारी त्या अधिक करतात. घोरण्याची तक्रार करण्यास संकोच वाटतो आणि थकव्याचे खापर घरकामावर किंवा वयावर फोडले जाते. रजोनिवृत्तीनंतर या विकाराचा धोका वाढतो, हे ध्यानात घेता अशा तक्रारींकडे दुर्लक्ष होता कामा नये.

लहान मुलांमध्ये टॉन्सिल आणि नाकामागील ॲडेनॉइड ग्रंथी वाढणे हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे. अशी मुले तोंड उघडे ठेवून झोपतात व घोरतात. दिवसा पेंगण्याऐवजी ती अस्वस्थ व चंचल दिसतात आणि अभ्यासात मागे पडतात. अनेक मुलांना या ग्रंथी काढण्याच्या शस्त्रक्रियेने चांगला गुण येतो.

घरच्या घरी प्राथमिक पडताळणी

टोरांटो येथील भूलतज्ज्ञ डॉ. फ्रान्सिस चुंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘स्टॉप-बँग’ ही प्रश्नावली आज जगभर वापरली जाते. तिच्यात आठ प्रश्न आहेत. मोठ्याने घोरता का? दिवसा थकवा किंवा पेंग येते का? झोपेत श्वास थांबल्याचे कोणी पाहिले आहे का? उच्च रक्तदाब आहे का? देहभार निर्देशांक ३५ पेक्षा अधिक आहे का? वय ५० पेक्षा जास्त आहे का? मानेचा घेर ४० सेंटीमीटरपेक्षा अधिक आहे का? आपण पुरुष आहात का? तीन किंवा चार प्रश्नांची उत्तरे ‘होय’ असल्यास मध्यम धोका आणि पाच किंवा अधिक असल्यास मोठा धोका मानला जातो.

देहभार निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा. भारतीयांमध्ये तो ३५ पेक्षा बराच कमी असतानाही हा विकार आढळतो. म्हणून त्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ आले, एवढ्यावर निश्चिंत होऊ नये.

दिवसाच्या झोपेचे मोजमाप करण्यासाठी ऑस्ट्रेलियातील डॉ. मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेली ‘एपवर्थ’ मोजपट्टी वापरतात. वाचताना, दूरचित्रवाणी पाहताना, प्रवासात किंवा जेवणानंतर शांत बसले असताना डुलकी लागण्याची शक्यता किती, अशा आठ प्रसंगांना शून्य ते तीन गुण द्यायचे असतात. एकूण २४ गुणांपैकी १० पेक्षा अधिक गुण आल्यास वैद्यकीय सल्ला घ्यावा. या दोन्ही प्रश्नावल्या केवळ चाळणीसारख्या आहेत. निदानासाठी प्रत्यक्ष चाचणीच आवश्यक असते.

प्रथम आपल्या नेहमीच्या डॉक्टरांशी बोलावे. ते छातीविकारतज्ज्ञ, कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा मेंदूविकारतज्ज्ञ यांच्याकडे पाठवू शकतात. भेटीच्या वेळी रात्री शेजारी झोपणाऱ्या व्यक्तीला सोबत नेणे फार उपयुक्त ठरते. झोपेतील घोरण्याचे व श्वास थांबण्याचे मोबाइलवर केलेले एक-दोन मिनिटांचे चित्रीकरणही डॉक्टरांना बरेच काही सांगून जाते.

निद्राचाचणी कशी होते?

या चाचणीला पॉलिसोम्नोग्राफी म्हणतात. मोठ्या शहरांतील अनेक सरकारी व खाजगी रुग्णालयांत त्यासाठी स्वतंत्र निद्रा प्रयोगशाळा आहेत. रुग्णाला संध्याकाळी किंवा रात्री जेवणानंतर तेथे बोलावले जाते. त्या दिवशी दुपारी झोपू नये, दुपारनंतर चहा-कॉफी टाळावी आणि मद्यपान करू नये. केस धुऊन कोरडे करावेत व डोक्याला तेल लावू नये, कारण तेलकट त्वचेवर संवेदक नीट चिकटत नाहीत. बोटांवरील नखरंगही काढून टाकावा. नेहमीची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत.

झोपण्यापूर्वी तंत्रज्ञ डोके, डोळ्यांच्या कडा, हनुवटी, छाती व पाय यांवर छोटे संवेदक लावतात. नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी, छाती व पोटाभोवती पट्टे आणि बोटाला प्राणवायू मोजणारा चिमटा असतो. सुया टोचल्या जात नाहीत आणि वेदनाही होत नाहीत. तंत्रज्ञ शेजारच्या खोलीतून रात्रभर लक्ष ठेवतात. लघवीला जायचे असल्यास तारा सहज सोडवता येतात. परक्या जागी आणि एवढ्या तारा अंगावर असताना झोप कशी लागणार, अशी शंका बहुतेकांना असते. परंतु काही तासांची झोपही निदानासाठी बहुधा पुरेशी ठरते.

विकार तीव्र असल्याचे रात्रीच्या पूर्वार्धातच स्पष्ट झाले, तर उत्तरार्धात उपचाराचे यंत्र लावून हवेचा आवश्यक दाब ठरवला जातो. यामुळे दुसऱ्या रात्रीच्या चाचणीचा खर्च वाचू शकतो. असे करणे शक्य आहे काय, हे आधीच विचारून घ्यावे.

धोका जास्त असलेल्या आणि हृदय, फुप्फुस किंवा मज्जासंस्थेचा अन्य गंभीर आजार नसलेल्या व्यक्तींची चाचणी घरीही करता येते. त्यासाठी कमी संवेदक असलेले लहान उपकरण दिले जाते. मात्र अशी उपकरणे बहुधा मेंदूच्या लहरी नोंदवत नाहीत. रुग्ण किती वेळ खरोखर झोपला होता हे त्यांना कळत नाही आणि त्यामुळे विकाराची तीव्रता कमी दिसू शकते. घरच्या चाचणीत काही आढळले नाही, पण लक्षणे स्पष्ट असतील, तर प्रयोगशाळेतील चाचणी करून घेणे इष्ट ठरते.

अहवालाचा अर्थ

अहवालातील सर्वांत महत्त्वाचा आकडा म्हणजे ‘एएचआय’, अर्थात दर तासाला श्वास थांबण्याच्या किंवा लक्षणीय मंदावण्याच्या घटनांची सरासरी. किमान दहा सेकंद टिकलेली घटनाच त्यात मोजली जाते. उदाहरणार्थ, सहा तासांच्या झोपेत अशा १८० घटना घडल्या, तर हा निर्देशांक ३० येतो. प्रौढांमध्ये ५ पेक्षा कमी निर्देशांक सामान्य, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० किंवा त्याहून अधिक तीव्र समजला जातो.

केवळ या आकड्यावर उपचार ठरत नाहीत. प्राणवायूचे प्रमाण किती खाली गेले व किती वेळ खाली राहिले, उताणे झोपल्यावर त्रास वाढतो का, रुग्णाला रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे का आणि त्याचा व्यवसाय कोणता, या बाबीही पाहिल्या जातात. वाहनचालकाच्या बाबतीत मध्यम स्वरूपाचा विकारही जीवघेणा ठरू शकतो. दिवसा अनावर झोप येत असलेल्या व्यक्तीने उपचार लागू पडेपर्यंत वाहन चालवू नये.

सी-पॅप : हवेच्या दाबाचा आधार

मध्यम व तीव्र विकारावर सी-पॅप हा आजही सर्वाधिक परिणामकारक उपचार मानला जातो. पूर्वी तीव्र रुग्णांच्या गळ्याला छिद्र पाडून श्वासमार्ग तयार करण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. सिडनी येथील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात पाच रुग्णांवरील प्रयोगाची माहिती प्रसिद्ध केली आणि चित्र बदलले. नाकावाटे सातत्याने सौम्य दाबाने हवा दिल्यास घशाची वाट मिटत नाही, हे त्यांनी दाखवून दिले.

आजची यंत्रे लहान व कमी आवाज करणारी आहेत. ती खोलीतील हवाच गाळून आत सोडतात, प्राणवायू पुरवत नाहीत. हवेचा दाब पाण्याच्या ४ ते २० सेंटीमीटर उंचीइतका ठेवता येतो. काही यंत्रे गरजेनुसार दाब आपोआप कमी-जास्त करतात. नाकावर बसणारा, नाकपुड्यांशी टेकणारा आणि नाक व तोंड दोन्ही झाकणारा असे मास्कचे प्रमुख प्रकार आहेत.

बहुतेक रुग्ण अडखळतात ते मास्कपाशी. पहिले काही दिवस गुदमरल्यासारखे वाटणे, नाक कोरडे पडणे, चेहऱ्यावर वळ उठणे किंवा बाजूने हवा निसटणे या तक्रारी सामान्य आहेत आणि त्यांवर उपायही आहेत. सुरुवातीला दिवसा जागेपणी अर्धा तास मास्क लावून बसावे. दाब हळूहळू वाढवण्याची सोय वापरावी. कोरडेपणासाठी यंत्राला आर्द्रता देणारे पात्र जोडावे व त्यात ऊर्ध्वपातित पाणी वापरावे. मास्कचे माप चुकले असेल तर तो बदलून घ्यावा. मास्क रोज पुसावा, नळी व पात्र सौम्य साबणाने नियमित धुवावे आणि गाळणी वेळोवेळी बदलावी.

दररोज किमान चार तास आणि दहापैकी निदान सात रात्री वापर, हा समाधानकारक वापराचा प्रचलित निकष आहे. तो किमान समजावा. झोपेचा जेवढा काळ मास्कविना जातो, तेवढा काळ विकार परत येतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला एक मोठा अभ्यास या दृष्टीने उद्बोधक आहे. भारतासह सात देशांतील, आधीच हृदयविकार किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांचा त्यात समावेश होता. सी-पॅपमुळे त्यांच्यातील पुढील हृदयविकाराचे झटके किंवा पक्षाघात कमी झाल्याचे दिसले नाही. दिवसाची पेंग, मनःस्थिती आणि कामातील नियमितता मात्र सुधारली. या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी केवळ ३.३ तास वापरले होते. तेव्हा या यंत्राकडून हृदयसंरक्षणाची हमी मागू नये आणि रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे परस्पर बंद करू नयेत.

वीजपुरवठा खंडित होणाऱ्या भागात इन्व्हर्टरची सोय ठेवावी. प्रवासात यंत्र सोबत न्यावे. मात्र रेल्वेच्या डब्यातील चार्जिंगच्या जागेवर विसंबू नये. आगीचा धोका टाळण्यासाठी रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत हा पुरवठा बंद ठेवण्याचा निर्णय पश्चिम रेल्वेने मार्च २०२१ मध्ये घेतला होता. त्यामुळे वेगळी बॅटरी असणे श्रेयस्कर.

अन्य पर्याय

वजन घटवणे हा पायाभूत उपाय आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन येथे झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात वजन १० टक्क्यांनी कमी झाल्यास एएचआय सुमारे २६ टक्क्यांनी घटतो, असे आढळले होते. टिर्झेपटाइड या इंजेक्शनद्वारे देण्याच्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ प्रौढांमधील मध्यम व तीव्र अवरोधी स्लीप ॲप्नियासाठी मान्यता दिली. हे औषध मार्च २०२५ मध्ये भारतातही मधुमेह व वजन नियंत्रणासाठी दाखल झाले. ते तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घेणे आवश्यक आहे.

सौम्य व मध्यम विकारात, किंवा सी-पॅप सहन न होणाऱ्या रुग्णांना, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारे साधन दंतवैद्याकडून बनवून घेता येते. केवळ उताणे झोपल्यावर त्रास होणाऱ्यांना कुशीवर झोपण्याची सवय उपयोगी पडते. मद्य व झोपेच्या गोळ्या घशाचे स्नायू अधिक सैल करतात, म्हणून त्या टाळाव्यात. नाक, टाळू किंवा जबड्यावरील शस्त्रक्रिया निवडक रुग्णांनाच सुचवल्या जातात.

जयपूर येथील संशोधकांनी २०२५ मध्ये ३० रुग्णांवरील एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. सहा महिने नियमित शंख फुंकणाऱ्या रुग्णांची दिवसाची पेंग आणि श्वासरोधाच्या घटना कमी झाल्याचे त्यात दिसले. निष्कर्ष आशादायक असले तरी अभ्यासाचा आवाका पाहता शंखवादन हा सी-पॅपला पर्याय ठरत नाही.

खर्च आणि खबरदारी

चाचणीचा खर्च शहर व रुग्णालयानुसार बदलतो. यंत्राची किंमत काही दहा हजार रुपयांच्या घरात जाते. अनेक आरोग्य विमा पॉलिसींमध्ये घरी वापरण्याच्या यंत्राचा खर्च मिळत नाही. केंद्र सरकार आरोग्य योजनेच्या लाभार्थ्यांना मात्र चाचणी अहवाल व तज्ज्ञांची शिफारस असल्यास विहित मर्यादेत प्रतिपूर्तीची तरतूद आहे. खरेदीपूर्वी यंत्र काही दिवस भाड्याने घेऊन पाहणे सोयीचे ठरते. जुने यंत्र घेताना विशेष दक्षता घ्यावी. आतील ध्वनिरोधक फोम झिजून त्याचे कण श्वासात जाण्याची शक्यता दिसल्याने फिलिप्स कंपनीने जून २०२१ मध्ये आपली लक्षावधी यंत्रे जगभरातून परत मागवली होती.

कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी आपल्याला स्लीप ॲप्निया असल्याचे भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावे आणि यंत्र रुग्णालयात सोबत न्यावे. भूल व वेदनाशामके यांमुळे श्वासमार्ग अधिक सहजपणे बंद होऊ शकतो.

घोरणे हा घरोघरी थट्टेचा विषय असतो. थट्टा करणाऱ्यांनीच एखाद्या रात्री काही मिनिटे कान देऊन ऐकावे. आवाज सलग येत आहे की मध्येच थांबत आहे, हे रुग्णाला कधीही कळणार नाही. ते त्याला सकाळी सांगणे आणि डॉक्टरांकडे सोबत जाणे, हे घरच्यांचे काम आहे.